विसर, हलगर्जी आणि पन्नास रुपये

बजाज ऑटोचा कारखाना १९८५ मध्ये वाळूजला सुरू झाला आणि त्याच्या आश्रयाने बजाजनगर वसले. ही वस्ती मुळात दुचाकीवाल्यांची. स्कूटरला ना काच, ना छप्पर. तिच्यावर कोणाला कोंडून ठेवण्याचा प्रश्नच उद्भवत नसे. पुढे दिवस पालटले. घराच्या हप्त्याशेजारी मोटारीचा हप्ता येऊन बसला, आणि जेथे एके काळी माणसांनाच जागा अपुरी पडत होती त्या घरांत हौसेने आणलेले कुत्र्याचे पिल्लूही नांदू लागले. यात नाक मुरडण्यासारखे काही नाही. कामगाराच्या मुलाला कुत्रा पाळावासा वाटला तर ती बंगलेवाल्यांची नक्कल आहे असे म्हणणे हा निव्वळ उद्दामपणा होय. परंतु मोटार आणि कुत्रा या दोन नव्या गोष्टी मराठवाड्याच्या वैशाखात एकत्र आल्या म्हणजे जो धोका संभवतो, त्याची जाण मोटारीबरोबर किंवा पिल्लाबरोबर घरी येत नाही. विक्रेता मोटारीचे कागद देतो, पिल्लू देणारा लसीकरणाचे कार्ड देतो. बंद काचेआड काय घडते हे दोघेही सांगत नाहीत.

काय घडते ते २०२२ च्या जुलैमध्ये आग्र्याला दिसले. ताजमहाल पाहण्यासाठी आलेल्या पर्यटकांनी आपला कुत्रा वाहनतळावरील मोटारीत ठेवला, काचा बंद केल्या आणि ते संगमरवराचे सौंदर्य पाहावयास गेले. परत येईपर्यंत कुत्रा मेला होता. त्या घटनेची चित्रफीत देशभर फिरली आणि त्या कुटुंबाच्या वाट्याला शिव्याशापांचा वर्षाव आला. तो अनाठायी होता असे म्हणता येणार नाही. तथापि संताप ओसरल्यावर जो विचार व्हावयास हवा होता तो झाला नाही. अशा मृत्यूचा दोष नेमका कोणाचा, किती आणि कोणत्या प्रकारचा, हा प्रश्न तसाच राहिला.

प्रथम वस्तुस्थिती ध्यानात घेतली पाहिजे, कारण ती सर्वसामान्य समजुतीहून फार निराळी आहे. उन्हात उभी केलेली मोटार हळूहळू तापते असे आपण समजतो. प्रत्यक्षात ती झपाट्याने तापते. सूर्यप्रकाश काचेतून आत शिरतो, समोरचा काळा फलक आणि आसने तो शोषून घेतात, आणि त्यांनी आतल्या हवेला दिलेली उष्णता बाहेर जाण्यास वाट उरत नाही. अमेरिकेतील हवामानशास्त्रज्ञ जॅन नल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावरील मोजमापे २००५ मध्ये एका बालरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केली. तासाभरात जी तापमानवाढ होते तिचा सुमारे ऐंशी टक्के भाग पहिल्या अर्ध्या तासातच होतो, असे त्यांना आढळले. नल यांच्या हिशेबाप्रमाणे पहिल्या दहा मिनिटांत सुमारे दहा अंश सेल्सिअसची, तर अर्ध्या तासात सुमारे एकोणीस अंशांची वाढ होते. काच दोन बोटे खाली ठेवल्याने फारसा फरक पडत नाही, हाही त्याच अभ्यासाचा निष्कर्ष. ही निरीक्षणे तुलनेने सौम्य हवेतील आहेत. बजाजनगरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा वाण्याच्या दुकानात यादी वाचून दाखवून सामान बांधून होईपर्यंत बाहेरच्या मोटारीत किती अंश झाले असतील, याचा हिशेब शाळकरी मुलालाही करता येईल.

आता कुत्र्याचे शरीर पाहा. माणूस अंगभर घाम गाळून तापलेले शरीर निववतो. कुत्र्याच्या घामाच्या ग्रंथी पंजांपुरत्याच. त्याचा सारा भरवसा धापा टाकण्यावर, म्हणजे जिभेवरून आणि श्वासमार्गातून होणाऱ्या बाष्पीभवनावर. बंद मोटारीत त्याच्याच श्वासाने हवा दमट होते आणि बाष्पीभवन मंदावते. जितक्या जोराने तो धापा टाकतो तितका तो उपाय निकामी होत जातो. त्याचे नेहमीचे तापमान साडेअडतीस अंशांच्या आसपास असते. ते एक्केचाळीसच्या पुढे गेले की मेंदू, यकृत, मूत्रपिंडे यांची हानी सुरू होते. चपट्या नाकाच्या जातींचा श्वासमार्ग जन्मतःच अरुंद, त्यामुळे त्यांची अवस्था सर्वांत वाईट. आणि २००३ मध्ये हच या दूरध्वनी कंपनीच्या जाहिरातीत एका मुलामागून धावणारा पग दिसल्यापासून भारतातील मध्यमवर्गाने हीच जात डोक्यावर घेतली, हा योगायोग खेदजनक म्हटला पाहिजे. थंड देशातील दिवाणखान्यासाठी पैदास केलेला प्राणी आपण दख्खनच्या पठारावर आणला, आणि तो सदा धापा टाकतो याचे कौतुक करीत बसलो.

येथवर शास्त्र झाले. खरी अडचण दोषाच्या प्रश्नापाशी सुरू होते. मोटारीत मेलेल्या प्रत्येक प्राण्याची कथा एकच नसते. एक मालक जाणूनबुजून कुत्रा आत ठेवतो, ‘पाचच मिनिटांत येतो’ असे स्वतःशी म्हणतो आणि पाचाची पन्नास होतात. दुसऱ्याला कुत्रा मोटारीत आहे याचेच विस्मरण होते. परिणाम दोहींकडे एकच. लोकांचा संताप या दोहोंत भेद करीत नाही. किंबहुना दुसऱ्याविषयी लोक अधिक निर्दयपणे बोलतात. पहिल्याने निदान चुकीचा अंदाज केला, दुसऱ्याच्या मनात तो जीव नव्हताच, प्रेम असते तर विसर कसा पडला असता, असा युक्तिवाद केला जातो. तो ऐकावयास बिनतोड वाटतो आणि तो संपूर्णपणे चुकीचा आहे.

स्मृतीचा प्रेमाशी असलेला संबंध कवींनी जितका घट्ट मानला तितका तो मेंदूत नाही. फ्लॉरिडातील डेव्हिड डायमंड या मानसशास्त्राच्या प्राध्यापकांनी मोटारीत मूल विसरणाऱ्या आईबापांचा अनेक वर्षे अभ्यास केला आहे. त्यांच्या प्रतिपादनाचे सार असे : मेंदूत सवयीने काम करणारी एक यंत्रणा असते आणि पुढे करावयाच्या गोष्टी ध्यानात ठेवणारी दुसरी. रोजचा रस्ता पहिली यंत्रणा सांभाळते. वाटेत काही वेगळे करावयाचे असेल तर दुसरीने पहिलीला वेळीच अडवावे लागते. ती थकलेली असेल, झोप अपुरी असेल, मध्येच फोन आला असेल, तर अडवणे राहून जाते आणि सवय माणसाला नेहमीच्या मुक्कामी नेऊन सोडते. एवढेच नव्हे तर राहिलेले काम आपण पार पाडले आहे अशी खोटी आठवणही मेंदू तयार करतो. गिरणीत टाकावयाचा दळणाचा डबा स्कूटरला अडकवून थेट कचेरीत पोहोचलेला कारकून या यंत्रणेचाच बळी असतो. डब्याच्या जागी मूल असले वा कुत्रा असला तरी यंत्रणा बदलत नाही. तिला डबा आणि पोटचे पोर यांतील फरक कळत नाही, हे सत्य कितीही भीषण वाटले तरी ते नाकारून भागत नाही.

समजा, बजाजनगरातील एखादा कामगार तिसरी पाळी करून सकाळी घरी आला. कुत्र्याला गुरांच्या दवाखान्यात सोडून मग बँकेत जावयाचे असे ठरले होते. कुत्रा मागच्या आसनावर झोपी गेला. वाटेत पर्यवेक्षकाचा फोन आला, उद्याच्या पाळीवरून वादावादी झाली, आणि मोटार सवयीने बँकेपाशी उभी राहिली. हा मनुष्य निष्ठुर आहे काय? रात्रभर जागून उत्पादनाचा आकडा गाठणाऱ्या माणसाच्या स्मृतीचा हिशेब त्याच्या नीतीच्या खात्यावर कसा मांडावयाचा? ज्या व्यवस्थेने त्याची झोप घेतली ती या खटल्यात आरोपी म्हणून कधीच उभी राहत नाही.

विसर हा केवळ सामान्यांच्याच वाट्याला येतो असेही नाही. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅम येथे २००९ च्या जूनमध्ये पोलीस दलातील एका श्वानपथक शिपायाच्या मोटारीत दोन जर्मन शेफर्ड कुत्री उष्म्याने मेली. कुत्री सांभाळणे हाच ज्याचा व्यवसाय, त्यांच्यासाठीच ज्याला शिक्षण मिळालेले, त्याच्या हातून हे घडले. न्यायालयाने पुढील वर्षी त्याला दोषी ठरविले, पण सहा महिन्यांच्या सशर्त मुक्ततेपलीकडे शिक्षा दिली नाही. तो मानसिक आजाराने ग्रस्त होता हे न्यायालयापुढे आले होते. त्यावर तेथेही गदारोळ झाला. तरीसुद्धा दोष निश्चित करणे आणि सूड घेणे या दोन क्रिया वेगळ्या आहेत, हे त्या निकालाने पाळलेले पथ्य दखल घेण्याजोगे आहे.

आपल्याकडे कायदा काय म्हणतो? प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम १९६० चा. नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत या विषयाचा आग्रह धरला, पंडित नेहरूंनी सरकारी विधेयकाचे आश्वासन दिले आणि त्यातून हा कायदा झाला. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या प्राणिकल्याण मंडळाच्या त्याच पहिल्या अध्यक्षा. या अधिनियमाच्या अकराव्या कलमात एक उपकलम आहे, ज्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. क्रूरता टळावी म्हणून मालकाने वाजवी काळजी आणि देखरेख ठेवली नाही, तर त्यानेच गुन्हा केला असे मानले जाईल, असे ते म्हणते. मात्र केवळ अशा निष्काळजीपणामुळे दोषी ठरलेल्या मालकाला दंडाचा पर्याय दिल्याखेरीज तुरुंगवास देता येणार नाही, अशी पुस्तीही तेथे जोडलेली आहे. हेतू आणि हलगर्जी यांतील भेद पासष्ट वर्षांपूर्वीच्या कायदेकारांना इतका स्पष्ट दिसत होता. भारतीय न्याय संहितेचे ३२५ वे कलम, जे १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडसंहितेच्या ४२८ व ४२९ या कलमांच्या जागी आले, ते प्राण्याला ठार करणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कैद सांगते. पण त्यासाठी नुकसान करण्याचा हेतू किंवा ते होण्याचा संभव असल्याची जाणीव सिद्ध व्हावी लागते. विसरलेल्या माणसाला ते लागू होणे कठीण. ‘पाच मिनिटे’ म्हणून उन्हात कुत्रा कोंडणाऱ्याला मात्र ते सर्वस्वी परके नाही. चाळीस अंशांत बंद मोटारीचे काय होते हे आपल्याला ठाऊक नव्हते, असे म्हणण्याची सोय दर उन्हाळ्यागणिक कमी होत चालली आहे.

विचार इतका नेटका, आणि शिक्षा? पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड. १९६० साली पन्नास रुपये ही गरिबाच्या संसाराला भोक पाडणारी रक्कम होती. आज तेवढ्यात कुत्र्याच्या गळ्यातला बरा पट्टाही येत नाही. दंड वाढवून शिक्षा कडक करणाऱ्या दुरुस्तीचा मसुदा केंद्र सरकारने २०२२ मध्ये लोकांपुढे ठेवला होता. त्याचा कायदा झालेला नाही. शिवाय छत्तिसावे कलम सांगते की गुन्हा घडल्यापासून तीन महिन्यांत खटला दाखल झाला नाही तर तो पुढे चालविता येणार नाही. कुत्र्याच्या मृत्यूचा दाखला कोणी मागत नाही, शवविच्छेदनासाठी कोणी धावपळ करीत नाही, आणि उन्हाळा तेवढ्यात सरतो. ज्या कायद्याचा धाक नाही त्याची उणीव मग जमाव भरून काढतो. मोटारीचा क्रमांक, मालकाचे छायाचित्र, त्याच्या मुलांची शाळा सारे काही क्षणार्धात चव्हाट्यावर येते. पन्नास रुपयांचा दंड आणि आयुष्यभराची बदनामी यांच्यामध्ये न्यायाला उभे राहण्यासाठी जागाच उरलेली नाही.

बजाजनगरापासून फार दूर नसलेल्या पैठणची एक कथा महाराष्ट्रातील प्रत्येक शाळकरी मुलाला ठाऊक आहे. काशीहून रामेश्वरासाठी आणलेली गंगेची कावड एकनाथांनी तापलेल्या वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी रिकामी केली. या कथेवर भूतदयेची प्रवचने उदंड झाली. तिच्यातील एका गोष्टीकडे मात्र दुर्लक्ष होते. त्या वाटेने इतरही यात्रेकरू चालले होते. ते सारे क्रूर होते असे कथा म्हणत नाही. त्यांचे लक्ष रामेश्वराकडे लागलेले होते, इतकेच. नाथांना ते गाढव दिसले. मोटारीत कुत्रा विसरणाऱ्याच्या ठायी दया नसते असे नव्हे. त्याच्या नजरेतून तो जीव निसटलेला असतो. आणि निसटलेले नजरेस आणून देण्याची तजवीज करता येते, हे मान्य केले की दोषाची चर्चा व्यवहाराच्या पातळीवर येते.

ही तजवीज मुलांच्या बाबतीत काही देशांनी केली आहे. अमेरिकेत १९९० नंतरच्या दशकात पुढील आसनासमोर हवेच्या पिशव्या आल्या, त्यांच्या आघाताने मुले दगावू लागली म्हणून मुलांना मागे बसविण्याचा प्रघात पडला, आणि नजरेआड गेलेली मुले विसरली जाण्याचे प्रमाण वाढले. एका सुरक्षिततेने दुसरी असुरक्षितता जन्माला घातली. १९९८ पासून तेथे तप्त मोटारींत मेलेल्या मुलांची संख्या हजारावर गेली असून त्यांपैकी निम्म्याहून अधिक विस्मरणाचे बळी आहेत. इटलीने २०१८ मध्ये कायदा करून चार वर्षांखालील मुलाच्या आसनाला इशारा देणारे उपकरण सक्तीचे केले. आपल्याकडे दुखणे थोडे वेगळे आहे. १७ जून २०२३ रोजी नागपुरात खेळावयास बाहेर पडलेली तीन मुले दुसऱ्या दिवशी घराजवळच उभ्या असलेल्या मोटारीत मृतावस्थेत सापडली. २०२४ च्या एप्रिलमध्ये मुंबईच्या अँटॉप हिल भागात दोन भावंडांचा असाच अंत झाला. ही मुले कोणी विसरली नव्हती. उघड्या राहिलेल्या मोटारीत ती खेळता खेळता शिरली आणि दार आतून उघडले नाही. येथे दोष कुलूप न लावणाऱ्याचा, पडीक मोटारी रस्त्यावर कुजू देणाऱ्या यंत्रणेचा, की मुलांना खेळावयास मैदान न ठेवणाऱ्या नगररचनेचा? पन्नास पावलांवरचा मृत्यू शोधण्यास एक अहोरात्र लागली, ही गोष्टही विसरण्यासारखी नाही.

कुत्र्याला तर आसनही नाही आणि उपकरणही नाही. त्याच्यासाठी करावयाचे उपाय साधे आहेत आणि बजाजनगरासारख्या वस्तीला ते सहज जमण्यासारखे आहेत. कारखान्याच्या फाटकात ओळखपत्राशिवाय प्रवेश नाही. कुत्रा बरोबर असेल तेव्हा ते ओळखपत्र आणि जेवणाचा डबा त्याच्याशेजारी मागच्या आसनावर ठेवावा. फाटकावरचा पहारेकरीच मग आठवण करून देईल. दवाखान्यात यावयाचा कुत्रा वेळेवर आला नाही तर पशुवैद्याच्या मदतनिसाने एक फोन करावा. आणि ज्याला बाजारात जावयाचे आहे त्याने कुत्रा घरीच ठेवावा. विसराळूपणाच्या क्षमेचा लाभ घेण्याचा ‘पाच मिनिट’वाल्यांना अधिकार नाही. त्यांनी निवड केलेली असते, आणि निवड करणाऱ्याला तिच्या परिणामांची जबाबदारी टाळता येत नाही. त्यांच्या बाबतीत दंडाची रक्कम आजच्या रुपयांत मोजली गेली पाहिजे.

मोटारीची चर्चा चालली असता गच्चीकडे दुर्लक्ष होऊ नये. पत्र्याच्या शेडखाली वा सिमेंटच्या गच्चीवर आखूड साखळीने दिवसभर बांधलेला, पाण्याचे भांडे कलंडलेले असा कुत्रा कोणत्याही वस्तीत पाहावयास मिळतो. तेथे कोणी काही विसरलेले नसते. तो कुत्रा रोज दिसतो, शेजाऱ्यांनाही दिसतो. प्राण्याला पुरेसे अन्न, पाणी व निवारा न देणे आणि त्याला अवाजवी काळ आखूड साखळीने बांधून ठेवणे हे दोन्ही त्याच अकराव्या कलमाखाली गुन्हे आहेत. मोटारीतील एका मृत्यूवर अश्रू ढाळणाऱ्या समाजाने गच्चीवरील या संथ छळाची सवय करून घेतली आहे.

राहता राहिला वाटसरू. बंद मोटारीत तडफडणारा कुत्रा दिसला तर त्याने काय करावे? कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०१७ पासून अशा वेळी काच फोडून प्राण्याला वाचविणाऱ्यास कायद्याने संरक्षण दिले आहे, अर्थात त्याने आधी पोलिसांना कळविलेले असावे आणि दार उघडण्याचा दुसरा उपाय उरलेला नसावा. भारतात असा स्वतंत्र कायदा नाही. परंतु मोठी हानी टाळण्यासाठी, गुन्हेगारी हेतूशिवाय आणि सद्भावनेने केलेली लहान हानी हा गुन्हा ठरत नाही, हे तत्त्व न्याय संहितेच्या १९ व्या कलमात आहे. ११२ क्रमांकावर पोलिसांना कळवावे, आसपासच्या दुकानांत मालकाचा शोध घ्यावा, दोन साक्षीदार जवळ उभे करावेत, आणि कुत्र्याने धापा टाकणे थांबवून मान टाकली असेल तर थांबू नये. काच कडेच्या खिडकीची फोडावी, समोरची नव्हे. बाहेर काढल्यावर त्याला सावलीत न्यावे, पोट, काखा आणि पंजे साध्या पाण्याने भिजवावेत, वारा घालावा आणि ताबडतोब पशुवैद्याकडे न्यावे, मग तो शुद्धीवर आलेला दिसत असला तरीही. आतल्या अवयवांची हानी पुष्कळदा काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी प्रकट होते.